बारावं कडवं

"इसरूभाऊ, आज एक बी घोळ झाला, तं उद्यापासून डीजे!" स्पर्धेचे आयोजक सुनिल सरांनी सकाळीच दम भरला.

राज्य मैदानी स्पर्धा गडचिरोलीत, आणि प्रेक्षक उन्हात टिकावेत म्हणून झाडीपट्टीच्या नाटकांत चाळीस वर्षं ऑर्गन वाजवणाऱ्या इसरूभाऊंना बोलावण्याची कल्पना सरांचीच. तरी मांडवामागे ताडपत्रीखाली डीजेचे डबे तयार होते. भाऊंची नजर सारखी तिकडे जायची. चाळीस वर्षांची कला एका बटणापुढे हरणार, ह्याचं त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

पण सवय जाते कुठे? गोळाफेकीला मिशाळ गडी आला, भाऊंनी खलनायकाची एंट्री वाजवली. उंच उडीत एकाकडून दांडी पडली, भाऊंनी असा करुण सूर लावला की तोवर हसणारा तो पोरगा रडायलाच लागला. प्रेक्षक खूश, सर लालबुंद.

"भाऊ, हे नाटक नाई!"

"सर, मानूस पडला का हात आपोआप जाते."

दुपारी मुलींची पाच हजार मीटर शर्यत लागली. साडेबारा फेऱ्या. भाऊंनी सुरुवातीच्या अर्ध्या फेरीला मुखडा वाजवला आणि पुढे फेरीला एक कडवं धरलं. मंचावर शेजारीच देवराव गुरुजी फेऱ्या मोजत बसले होते. सहाव्या कडव्याला त्यांची मान डोलू लागली, आठव्याला डोळे मिटले. दहावं संपलं आणि गुरुजींनी दचकून शेवटच्या फेरीची घंटा बडवली.

'इतक्यात?' भाऊ चपापले. पण गुरुजींना कोण सांगणार? ताडपत्रीकडे बघून भाऊ वाजवत राहिले. अकराव्या कडव्याला त्यांच्याच गावची दिव्यानी पहिली आली आणि मैदान ओरडलं, "वन्समोर!"

एकीकडे वन्समोर, दुसरीकडे उरलेलं कडवं. भाऊंनी डोळे मिटले आणि बारावं कडवं उचललं.

गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकणारी दिव्यानी ताठ झाली आणि चक्क पळत सुटली. पहिली आलेलीच पळते म्हटल्यावर बाकीच्याही घाबरून मागे धावल्या. एक तर पाण्याची बाटली घेऊनच. सर मैदानात आडवे हात करून नाचत होते, पण कुणी थांबेना. पुन्हा दिव्यानीच पहिली आली.

"उतरा खाली! संपलं तुमचं!" सर ओरडले.

"उतरतो सर," भाऊंनी हात जोडले. "पन बारावं कडवं राह्यलं होतं."

"मी बी कडव्यावरच मोजून राह्यली होती," दिव्यानी म्हणाली. "बारावं सुरू झालं, मंग समजलं का फेरी बाकी हाये."

सरांनी चित्रीकरण तपासलं. घंटा खरंच एक फेरी आधी झाली होती. वन्समोरची फेरी धरली तरच शर्यत पुरी होत होती, नाहीतर सगळ्यांपुढे नाचक्की ठरलेली.

"गुरुजी, काऊन चुकलं?"

"काय सांगू सर, जीवच रमला," गुरुजी खाली मान घालून म्हणाले.

संध्याकाळी डीजेचे डबे परत गेले. सरांनी ऑर्गन अंतिम रेषेजवळ नेला आणि घंटा स्वतः भाऊंच्या हाती दिली. "उद्या दहा हजार मीटर. पंचवीस फेऱ्या तुमीच मोजा."

पाय चोळत बसलेल्या दिव्यानीने मान वर केली.

"काका, उद्या वन्समोर आला, तं नुसता मुखडाच वाजवा जी!"