टेपसाहेबांचं स्वयंपाकघर

बायको बहिणीकडे गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी टेपसाहेबांनी स्वयंपाकघर मोजायला काढलं. बहिणीचा पाय मोडला होता, त्यामुळे बायको आठवडाभर तरी परतणार नव्हती, आणि स्वतःच्या हाताने चहा करून प्यायची वेळ साहेबांवर बऱ्याच वर्षांनी आली होती. चहाची पूड एका टोकाला, साखर दुसऱ्या टोकाला, गाळणं खिडकीजवळच्या खिळ्याला आणि कप पार फ्रीजच्या डोक्यावर. चहा हातात येईपर्यंत साहेबांची चांगलीच रपेट झाली, आणि तेवढ्यात निम्मा उतू गेला तो गेलाच.

दुसरा कुणी असता तर त्याने मुकाट्याने ओटा पुसला असता आणि बायकोची आठवण काढली असती. पण साहेब टेबलफॅनच्या कारखान्यात मांडणीचं काम बघायचे. कुठलं यंत्र कुठं ठेवायचं, कुणाला कुणाच्या शेजारी बसवायचं, कुणाला किती काम द्यायचं म्हणजे माल कुठं न तुंबता हातोहात पुढे सरकेल, हे ठरवण्यात त्यांची हयात गेली होती. खिशात कायम मोजायची टेप असायची म्हणून हे नाव पडलं, आणि खरं नाव कारखान्यात आता कुणाच्या लक्षातही नव्हतं. नुकतीच त्यांनी पंखे जोडायची सरळ लाइन वाकवून घोड्याच्या नालेसारखी केली होती आणि मालकांनी सगळ्यांदेखत त्यांची पाठ थोपटली होती. ती थाप अजून अंगात होती. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

"बाबा, आईला विचारलंत का?" कॉलेजला निघालेली मुलगी दारात थबकून म्हणाली.

"सुधारणा विचारून करायची नसते गं, करून दाखवायची असते."

"आणि तिला नाही आवडली तर?"

"पायपीट कमी झालेली कुणाला आवडत नाही?"

मुलीने पुढे वाद घातला नाही. बाबांच्या हातात टेप असली की त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नसतो, हे ती लहानपणापासून शिकली होती.

साहेबांनी मोठा कागद पसरून नव्या स्वयंपाकघराचा झकास नकाशा काढला. पूड, साखर, पातेलं, गाळणं, कप, सगळं ओळीने. भाज्या फ्रीजमधून निघाल्या की धुणं, चिरणं, शिजवणं आणि डबा, अशी एकाच दिशेने जाणारी वाट. मग त्यांनी या वाटेत आडवं येणारं काय काय आहे ते शोधलं, तेव्हा सगळ्यात मोठी अडचण निघाली ते स्वतः. रोज सकाळी ते फ्रीज आणि ओटा यांच्यामधल्या बेचक्यात पेपर उघडून उभे राहायचे आणि बायकोला बातम्या वाचून दाखवायचे. ती न बघताच कप त्यांच्याकडे सरकवायची आणि घटकाभराने म्हणायची, "बाजूला व्हा जरा." कारखान्यात असा रिकामटेकडा माणूस लाइनच्या मध्ये उभा दिसला असता तर साहेबांनी त्याची गय केली नसती. त्यांनी स्वतःचीही केली नाही. स्वतःसाठी त्यांनी बाहेरच्या खोलीत खुर्ची ठेवली आणि मधल्या लाकडी भिंतीत कप सरकवायला एक खिडकी आखली.

सुतार आला. त्याने जुन्या फळ्यांवरून हात फिरवला.

"काढू ना साहेब नक्की? मागाहून होतं तसं लाव म्हणाल, तर मला नाही आठवायचं."

"तू काढ रे. मागे जायचा प्रश्नच नाही."

बायको परतली त्या दिवशी साहेबांनी अर्धी रजा टाकली होती. तिला हात धुवायचीही उसंत न देता त्यांनी नवं स्वयंपाकघर हिंडून दाखवलं आणि पायपीट किती वाचेल यावर छोटंसं भाषणही ठोकलं. बायको सगळं बघत राहिली. मग म्हणाली, "छान केलंय." लोकांच्या घरी गेल्यावर त्यांचे नवे पडदे बघून म्हणतात ना, अगदी तसं. साहेबांना तेवढंही पुरलं.

"चहा टाकते," ती म्हणाली, आणि हात डावीकडे वर गेला. तिथे आता नुसती भिंत होती. "अहो, पूड कुठंय?"

"उजवीकडे. पातेल्याच्या शेजारीच! बघ, किती सोपं."

"आणि साखर?"

"पुडीच्या शेजारी."

"लायटर?"

आत्तापर्यंत त्या घरात कुठली वस्तू कुठे आहे हे सगळे तिला विचारायचे. साहेबांना हे जाणवलं नाही असं नाही, पण नव्या लाइनवर पहिले काही दिवस माणसं चाचपडतातच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. संध्याकाळी त्यांनी प्रत्येक डब्यावर ठळक अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवल्या. बायको चष्मा लावून आपल्याच डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचू लागली.

मग बरणी फुटली. बायकोच्या आईने दिलेली जाड काचेची निळसर सुंठीची बरणी पूर्वी खालच्या कोपऱ्यात असायची. साहेबांनी ती "क्वचित लागणारा माल" म्हणून वरच्या फळीवर चढवली होती. बायकोने काही काढायला वर हात घातला, कोपर लागलं, आणि पुढच्या क्षणी सगळीकडे काचाच काचा. साहेब धावत आले. आता आपली खरडपट्टी निघणार म्हणून त्यांनी मान खाली घातली होती. पण बायको खाली बसून काचा वेचत नुसतं म्हणाली, "माझंच लक्ष नव्हतं." साहेबांना ती ओरडली असती तर फार बरं वाटलं असतं.

काम आता पूर्वीपेक्षा जास्त वेळ खाऊ लागलं. ज्याला जे येतं त्याला तेच सुचतं, तसा साहेबांनी निष्कर्ष काढला की मांडणी उत्तम आहे, फक्त कामाची वाटणी बिघडलीय. एकाच माणसावर सगळा भार! त्यांनी लाइन समतोल करायला घेतली. चिरायला मुलगी, शिजवायला बायको, आणि डबे भरून झाकणं लावायला ते स्वतः. मुलीने फोन बघत बघत भराभर कोबी चिरला, तो एका डब्यात भरला आणि नव्या नियमाप्रमाणे उजवीकडे सरकवला. बायको तेव्हा मीठ शोधत होती. उजवीकडून आलेल्या डब्याला झाकण लावायचं, एवढंच साहेबांचं काम होतं. ते त्यांनी चोख केलं.

दुपारी कारखान्यात सगळ्यांसमोर त्यांनी डबा उघडला. आत बारीक चिरलेला कच्चा कोबी. नेमके मालक शेजारून जात होते.

"काय हो टेपसाहेब, पथ्य चालू केलंत वाटतं?"

"हो, म्हणजे... जरा पोट," साहेब म्हणाले, आणि मालक कौतुकाने समोरच बसल्यामुळे त्यांना तो सगळा कोबी शेवटच्या तुकड्यापर्यंत चावून खावा लागला.

घरी जाताना पोटात गुरगुरत होतं, तरी ते मनात खूश होते. हे ऐकून बायको हसून हसून लोळणार, महिनाभर शेजारीपाजारी सांगत सुटणार. त्यांनी मालकांच्या आवाजासकट सगळं रंगवून सांगितलं. मुलगी खोखो हसली. बायको हसली नाही.

"मी बघितला होता तो डबा," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमच्या पद्धतीत असंच असेल. मी कशाला मध्ये बोलू?"

तेव्हा साहेबांच्या लक्षात आलं की बरेच दिवस झाले, स्वयंपाकघरातून तिचं गुणगुणणं ऐकू आलेलं नाही. कप वेळेवर खिडकीतून येत होता, पण कपामागे फक्त हात दिसायचा. बातम्या वाचायला त्यांनी तोंड उघडलं तरी भिंतीला ऐकवल्यासारखं वाटून ते पुन्हा मिटायचे. आपल्याच घरात ही पाहुण्यासारखी वागतेय, आणि तिला तसं आपण करून ठेवलंय.

"मी सगळं होतं तसं करून टाकतो," ते म्हणाले.

"होतं तसं म्हणजे कसं?" मुलीने विचारलं.

साहेबांनी आपला मोठा कागद उलगडला; त्यावर फक्त नवं स्वयंपाकघर होतं. काहीही हलवण्याआधी आहे त्या जागेचा नकाशा काढून ठेवायचा, हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम. नवख्या इंजिनिअरने तो चुकवला तर ते त्याला धारेवर धरायचे. पण बायकोच्या मांडणीला मांडणी म्हणायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं, मग तिचा नकाशा कोण काढतो! "चुकलंच माझं," ते म्हणाले. "फार चुकलं."

"तुला तरी आठवतंय का आई?"

"असं विचारलं तर नाही सांगता येणार गं," बायको म्हणाली. "हात जायचा तिकडे असायचं."

रविवारी सकाळी साहेबांनी सगळ्या फळ्या उतरवल्या, चिठ्ठ्या फाडल्या आणि बायकोला रिकाम्या ओट्यासमोर उभं केलं. "डोळे मीट," ते म्हणाले, "आणि चहा कर."

"काहीतरीच काय!" पण तिने डोळे मिटले. हात डावीकडे वर गेला. मुलीने तिथे खडूने फुली मारली. हात खाली आला, उजवीकडे वळला, साखर. खिडकीकडे गेला, गाळणं. मग खालच्या कोपऱ्यात गेला आणि बोटं गोल उघडून तशीच थांबली. तिथे काय होतं ते तिघांनाही ठाऊक होतं. मुलीने तिथे एक छोटं वर्तुळ काढलं. साहेबांनी नजर दुसरीकडे वळवली.

शेवटी बायकोने हवेतला चहा हवेतल्या कपात ओतला आणि न बघता बाजूला धरला. फ्रीज आणि ओटा यांच्यामधल्या बेचक्यात.

"आई, तिथे काहीच नव्हतं," मुलगी खडू धरून म्हणाली. "ना फळी, ना खिळा."

"होतं की," डोळे न उघडता बायको म्हणाली. "रोज वाटेत यायचं."

साहेबांनी टेप खिशातून काढून ओट्यावर ठेवली. ते हळूच त्या बेचक्यात जाऊन उभे राहिले आणि तो नसलेला कप दोन्ही हातांनी घेतला. जागा पूर्वीसारखीच अडचणीची होती. पाठीला फ्रीजचा कोपरा टोचत होता.

बायकोने डोळे उघडले, त्यांच्याकडे क्षणभर बघितलं आणि फडकं उचललं.

"बाजूला व्हा जरा," ती म्हणाली.