ठोकेकाकांची दहाची बोट

“बेचाळीस माणसं, एक बोट आणि एक बेट! एकालाही एका मिनिटाचा उशीर होणार नाही. झाला, तर हे घड्याळ मी समुद्रात फेकीन!”

ठोकेकाकांनी टेबलावर अशी थाप मारली की चहाचे कप बशीत उड्या मारायला लागले. त्यांच्या पुतणीचं, चिमणीचं लग्न ठरलं होतं आणि ते कुठे करायचं यावर घरात तीन दिवस धुमश्चक्री चालली होती. काकांच्या मोठ्या बहिणीला, आक्काला, डोंगर हवा होता. काकूंच्या धाकट्या भावाला म्हणजे शिंपीमामाला गुहा हवी होती, कारण गुहेत कपडे फार उठून दिसतात असं त्याचं म्हणणं. काकूंना फक्त ओटा नसलेली जागा हवी होती. शेवटी चिमणी म्हणाली, “बेटावर करू या!” आणि सगळे एकदम गप्प झाले. आतापर्यंत त्या घरातलं कुणीच बेटावर गेलं नव्हतं, त्यामुळे नावं ठेवायला कुणाकडे काही नव्हतं.

“पण एवढ्या माणसांना तिथे वेळेवर नेणार कोण?” आक्काने विचारलं.

म्हणूनच ती थाप पडली होती.

ठोकेकाकांनी बस आगारात एकतीस वर्षं गाड्या सोडल्या होत्या. आठची गाडी म्हणजे आठच्या ठोक्याला शिट्टी! एकदा आगारप्रमुखाची सासू पायरीवर एक पाय ठेवून उभी होती, तरी काकांनी शिट्टी मारली. बाईंचा दुसरा पाय वर आला, पण एक चप्पल आगारातच राहिली. तेव्हापासून त्यांचं नाव ठोकेकाका.

घरच्या माणसांसाठी मात्र त्यांची एक खास युक्ती होती. घरचं कुणीही वेळेवर येत नाही, हे ओळखून ते सगळ्यांना एक तास आधीची वेळ सांगत. सहाचा कार्यक्रम असला की पाच सांगायचे. माणसं रमतगमत सहाला यायची आणि काका मनात खूश व्हायचे. वीस वर्षं त्यांनी ही युक्ती कुणाला कळू दिली नाही. म्हणजे असं त्यांना वाटत होतं.

बैठक संपल्यावर चिमणीने त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. तिचे वडील ती सात वर्षांची असताना गेले, तेव्हापासून ती काकांच्याच घरी वाढली होती.

“काका, या वेळी तुमचा तो एक तास नको.”

“कुठला तास?” काकांनी साळसूदपणे विचारलं.

“मला शाळेच्या पहिल्या दिवशी इतक्या लवकर नेलंत, की शिपायाने तुमच्याकडून अंगण झाडून घेतलं. सगळं माहीत आहे मला. माझ्या लग्नात कुणाला खोटी वेळ सांगायची नाही. बोट दहाला सुटणार, तर दहाच सांगायचं. शब्द द्या.”

काकांना घाम फुटला. खरी वेळ सांगायची म्हणजे घराला कुलूप न लावता गावाला जाण्यासारखं! पण चिमणी पुढे म्हणाली, “आणि बाबांच्या जागी साक्षीदार म्हणून सही तुमची आहे. नोंदणी अधिकारी साडेबाराला सही घेणार आणि दोनला परत जाणार. त्यांना पुढची तारीख थेट चार महिन्यांनी आहे. तुम्ही नाहीत तर लग्न नाही.”

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “दिला शब्द,” ते म्हणाले.

आणि त्यांनी तो पाळला. बेचाळीस जणांना आपल्या हाताने चिठ्ठ्या लिहिल्या, ‘बोट बरोबर दहा वाजता.’ खाली दोन रेघाही मारल्या.

चिमणी आणि काकू आदल्या दिवशीच बेटावर गेल्या. लग्नाच्या दिवशी ठोकेकाका नवा कोट घालून, कागदपत्रांची फाइल छातीशी धरून नऊलाच धक्क्यावर हजर झाले. समुद्र चकाकत होता, वारा छान सुटला होता, आणि काकांना वाटलं, आपण उगाच इतकी वर्षं बसगाड्या सोडल्या. खरं म्हणजे आपण जहाजं सोडायला हवी होती!

साडेनऊ झाले. धक्क्यावर काका, एक मांजर आणि दोरांची गुंडाळी. बोटीचाही पत्ता नाही. “निळी बोट, पांढरी पट्टी,” एवढंच चिमणीने सांगितलं होतं. बोटवाल्याशी सगळं तीच बोलली होती आणि बेटावर फोन लागत नव्हता. धक्क्यावर तरी कुठे लागत होता? तो लागायचा फक्त मागच्या गोदामाच्या भिंतीला पाठ टेकून, मान वर केली तर. काका गोदामामागे धावले आणि मान वर केली.

“आक्का! कुठे आहेस?”

“निघालेच रे!” पलीकडे बादलीत नळ धो धो वाजत होता.

“बोट दहाची आहे!”

“हो रे राजा, दहाची!” आणि आक्का चक्क हसली.

काकांनी शिंपीमामाला फोन लावला. “अरे, कुठपर्यंत आलास?”

“भाऊजी, तुमच्याच व्याह्यांच्या कोटाला बटणं लावतोय. येतो आरामात.”

“आरामात? दहाची बोट आहे!”

“म्हणजे अकराची.”

“अकराची कशी?”

मामाला हसू आवरेना. “भाऊजी, वीस वर्षं झाली! तुम्ही सांगाल त्यात एक तास मिळवायचा, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नाही इतकंच.”

वीस वर्षांचं गुपित! बेचाळीस जणांना ठाऊक, फक्त ज्याचं त्याला ठाऊक नाही!

“अरे, पण या वेळी खरंच दहा आहेत! मी चिमणीला शब्द दिलाय!”

“वा! या वेळी शब्दसुद्धा? छान रंगवता हं!”

काकांनी एकामागून एक एकोणीस फोन केले. कुणी दाढी करत होतं, कुणी इस्त्री. एक भाचा तर झोपेतच “दहा अधिक एक” असं पुटपुटला. विसाव्या फोनला काकांच्या फोनची बॅटरी संपली. घड्याळात दहाला दोन मिनिटं कमी होती. काका फाइल सावरत धावत धक्क्यावर आले आणि जागच्या जागी थिजले.

निळी बोट! पांढरी पट्टी! धक्का सोडून निघाली होती. वर तीस-चाळीस माणसं नटूनथटून उभी होती, हात हलवत होती, आणि त्यातलं एकही काकांच्या ओळखीचं नव्हतं!

“अहो, थांबा! ती आमची बोट आहे! तुम्ही चुकीच्या लग्नाला चाललाय!”

बोटीवरच्या माणसांनी अजून जोरात हात हलवले. एका बाईने तर काकांना पापा फेकला.

काकांच्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं. ही परकी माणसं बेटावर उतरणार, चिमणीच्या लग्नाचं जेवण जेवणार, आणि अधिकारी त्यांच्यातल्याच कुणाला तरी पकडून सही घेणार! शेजारीच एक ठेंगणी, जुनाट बोट फटफट करत सुटायच्या बेतात होती. सुकाणूवर चुन्याच्या निवळीसारखा शांत म्हातारा बसला होता.

“बाबा, त्या बोटीचा पाठलाग करा!”

“ही बर्फाची बोट आहे,” म्हातारा म्हणाला. “मासेमारीच्या बोटींना बर्फ पोचवतो.”

“कुठलीही असू द्या! माझ्या पोरीचं लग्न आहे!”

म्हातारा हो म्हणायच्या आधी काकांनी उडी मारली. ती उडी आगारात असती तर तिला टाळ्या पडल्या असत्या. इथे ते थेट बर्फाच्या हौदात पडले. फाइल तेवढी त्यांनी डोक्यावर धरली, त्यामुळे कागद कोरडे राहिले. बाकी काका गळ्यापर्यंत कुल्फी झाले.

पाठलाग सुरू झाला. म्हणजे पुढची बोट पळत होती आणि मागची तिच्याकडे बघत होती. काकांनी घड्याळ पाहिलं. दहा वाजून सात मिनिटं. वा! फार उशीर नाही. बऱ्याच वेळाने पाहिलं, तरी दहा वाजून सात. काकांना या बोटीचं कौतुक वाटलं. मग म्हाताऱ्याने डबा उघडून जेवायला घेतलं, तेव्हा काकांनी घड्याळ कानाला लावलं. टिकटिक बंद. काकांच्याच काळजाचा ठोका चुकला.

“बाबा, वाजले किती?”

“भूक लागली म्हणजे बारा वाजले असतील,” म्हातारा म्हणाला.

जन्मात पहिल्यांदा ठोकेकाकांना किती वाजलेत हे माहीत नव्हतं. त्यांचे हातपाय आणखी गार पडले, आणि या वेळी बर्फाचा त्यात हात नव्हता.

पुढची बोट एकदाची थांबली, कारण तिच्यावरच्या लोकांना समुद्रात फोटो काढायचे होते. काका बर्फाच्या ढिगावर उभे राहून ओरडले, “तुम्ही कुणाकडचे?”

“आम्ही दातांचे डॉक्टर! सहलीला चाललोय!”

“पण बोट निळी आहे! पांढरी पट्टी आहे!”

बर्फवाला म्हातारा खोकला. “साहेब, या धक्क्यावरच्या सगळ्याच बोटी निळ्या असतात. पट्टी सगळ्यांना पांढरी. ही आपली कुठल्या रंगाची आहे?”

काकांनी खाली वाकून पाहिलं. निळी. पांढरी पट्टी.

तेवढ्यात वरून एका दंतवैद्याने काळजीने विचारलं, “आजोबा, दात फार वाजतायत तुमचे. तपासू का?”

“वाजू द्या! वाजायला आता तेवढेच उरलेत!” काका गरजले. “बाबा, बेटाकडे घ्या!”

“घेतो की. आधी तीन बोटींना बर्फ द्यायचाय.”

तीन बोटींना बर्फ दिला. काकांनीही दिला, कारण दोघांनी मिळून दिला तर लवकर होतं. नव्या कोटाच्या बाह्या वर सारून ते लाद्या उचलत होते आणि मनात एकच घोकत होते: दोन वाजता अधिकारी जाणार. चार महिने! भावाच्या जागी एक सही करायची होती, आणि तेवढीही आपल्याच्याने होऊ नये?

बेटाचा धक्का दिसला तेव्हा काकांना वाटलं, उन्हामुळे भास होतोय. धक्क्यावर माणसांची रांग उभी होती. आक्का, शिंपीमामा, व्याही, दाढी केलेले, इस्त्री केलेले, झोपलेला भाचासुद्धा! सगळे कोरडे ठणठणीत. पुढे चिमणी, नव्या कपड्यांत, डोळे पाण्याने भरलेले. तिच्या शेजारी अधिकारी मनगट वर धरून उभे होते.

“एक वाजून पस्तीस!” अधिकारी म्हणाले. “साक्षीदार हेच का?”

“हेच,” काकू म्हणाल्या. “अहो, होतात कुठे? आणि हे अंगावर काय आणलंत, खवले?”

आधी सही! काकांचे हात असे थरथरत होते की सही कमी आणि समुद्राच्या लाटा जास्त दिसत होत्या. अधिकाऱ्यांनी ती चष्मा वर करून पाहिली, खाली करून पाहिली, काकांच्या निळ्या ओठांकडे पाहिलं आणि शिक्का मारला. टाळ्यांचा कडकडाट झाला. चिमणीने काकांना ओल्या कोटासकट मिठी मारली.

मग काकांना कंठ फुटला. “पण तुम्ही सगळे आलात कसे? दहाची बोट तर...”

“दहाची कुठली?” शिंपीमामा म्हणाला. “आम्ही अकराला आलो, समोर बोट उभी! तुम्ही नव्हतात. आम्हाला वाटलं, भाऊजी बोटीची वाट कशाला बघतील? सहालाच पोहत निघाले असतील!”

सगळ्यांनी चिमणीकडे पाहिलं. चिमणी पदराशी चाळा करू लागली.

“काका, बोट अकराचीच होती. लोकांवर माझा विश्वास नव्हता, म्हणून मी एक तास आधीची सांगितली.”

“अगं, पण मला तर खरी सांगायचीस!”

“तुम्ही शब्द दिला होतात ना. तुम्हाला खरी सांगितली असती, तर तुम्ही सगळ्यांना खरी सांगितली असतीत. आणि हे तास ढकलणं मी शिकले कुणाकडून?”

काका खाली बसले. तिने एक तास काढला होता, बेचाळीस जणांनी एक तास घातला होता, आणि सगळे कसे ठोक्याला पोचले होते. अख्ख्या लग्नात एकच माणूस खरं बोलला, आणि तो एकटाच बर्फातून आला!

“भाऊजी,” शिंपीमामा गोड आवाजात म्हणाला, “कुणाला उशीर झाला तर काहीतरी समुद्रात फेकायचं ठरलं होतं ना?”

काकांनी मनगट पुढे केलं. “हे बघ. दहा वाजून सात. माझ्या घड्याळाप्रमाणे मी दोन तास लवकर आलोय!”

जेवणं झाली, गाणी झाली. नवरा-नवरीचा मुक्काम बेटावरच होता. निरोप घेताना चिमणी म्हणाली, “परतीची बोट पाचला हं!”

बेचाळीस माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. हे पाच म्हणजे चार, की सहा? पोरीचे पाच, की काकांचे पाच? मिळवायचं की वजा करायचं? कुणी कुणाला काही विचारलं नाही. पण साडेतीनला सगळेच्या सगळे, ओळीने, गुपचूप बोटीत जाऊन बसलेले होते. निळी, पांढऱ्या पट्टीची, तीन वेळा खात्री केलेली बोट! बोटवाला तेवढा नव्हता. त्याला चिमणीने सहा सांगितले होते.

ऊन रणरणत होतं, आक्का बडबडत होती, मामा गुहेची आठवण काढत होता. ठोकेकाका मात्र कोट वाळवत, ताठ बसले होते. एकतीस वर्षांच्या नोकरीत जे जमलं नाही, ते आज झालं होतं. अख्खं घराणं वेळेच्या आधी हजर!

त्यांनी मोठ्या अभिमानाने घड्याळात पाहिलं.

दहा वाजून सात मिनिटं झाली होती.