पाच चालू, एक बंद

आपल्याला हरवणारा माणूस लोहारा तालुक्यात अजून जन्मायचाय! निदान रविवारी सकाळपर्यंत तरी माझं हेच मत होतं.

माझी विहीर गावापासून दोन किलोमीटर; तिथनं चौकातल्या हौदापर्यंत पाईप आणलाय. तिथल्या मोटारीला म्या मोबाईल स्टार्टर बसवलाय. मेसेज टाकला की चालू, मेसेज टाकला की बंद! शेजारच्या धुळाप्पाला म्हणलं, "चौकातला जनावराचा हौद बसल्या जागी काठोकाठ भरतो. थेंब सांडणार न्हाय!"

"सांडला तर?"

"तुझी म्हैस भर चौकात शाम्पू लावून धुतो! न्हाय तर माझी तू धुवायची."

"लाव पैज!"

आता आतली गोष्ट सांगतो. गावात टॉवर एक आन रील बघणारे हजार! त्यामुळं माझा मेसेज रुसलेल्या पाहुण्यावानी दहा मिनिटांनी विहिरीवर पोचतो. हौद भरतो वीस मिनिटांत. म्हणजे अर्धा भरला की 'बंद' धाडायचं आन मिशीला पीळ देत बसायचं!

'चालू' तर म्या घरूनच धाडून आलो होतो. चौकात नळाकडं बोट केलं, "ये!" म्हणलं, आन पाणी आलं! सगळं गाव फोन खिशात घालून बघायला जमलं.

हौद अर्धा झाला. हळूच 'बंद' धाडलं... आन मोटार तिथल्या तिथं बंद! सगळ्यांचे फोन खिशात, टॉवर मोकळा, मेसेज बाणावानी गेला की!

"बलभीम, काठ वर असतो बरं का!" धुळाप्पा खिदळला.

झालं! सगळ्यांनी फोन काढले, माझं तोंड शूट करून पावण्यारावळ्याला धाडाया लागले. टॉवर पुन्हा तुंबला. म्या 'चालू' धाडलं. काही न्हाय. पुन्हा धाडलं. घाबरून एकूण पाचदा!

दहा मिनिटांनी पाणी आलं. मघाशी 'बंद' लगेच पोचलं होतं, म्हणून शहाण्यावानी काठापर्यंत थांबलो आन धाडलं. पण रांगेत म्होरं चार 'चालू', 'बंद' बिचारं सगळ्यात मागं! दर 'चालू'ला स्टार्टरमधली रेकॉर्ड केलेली बाई फोन करून गोड आवाजात सांगती, "मोटार चालू आहे. धन्यवाद!" पुन्हा फोन, "मोटार चालू आहे. धन्यवाद!"

"अगं बाई, बंद कर की!" म्या फोनवर वरडलो.

हौद उतू गेला. शेजारी दगडाकाकूनं वाळत घातलेल्या कुरडया पोहाया लागल्या आन काकू लाटणं घेऊन माझ्यामागं!

"शाम्पू आणलाय, बलभीम," धुळाप्पा म्हणला. "म्हैस पण तयार हाय."

भर चौकात म्हैस धुतली. शेपटीला हात घालतो तोवर सोनारीहून मेव्हण्याचा फोन, "दाजी, कानामागं राहिलंय बघा!"

तो व्हिडिओ बरा लगेच पोचला!