शिरीष आणि हरणाची लाळ

शिरीष भागवतला हरीण दिसलं की तो आधी त्याची लाळ बघतो. इथे ऑस्ट्रेलियात, आमच्या वॉलॉंगॉंगमध्ये, डोंगरावरून हरणं सर्रास उतरतात आणि लोकांचे गुलाब फस्त करतात. बाकीचे शिव्या घालतात. शिरीष वाकून बघतो आणि म्हणतो, "तोंड कोरडं आहे. व्हेरी गुड."

तो जनावरांच्या रोगांच्या लॅबमध्ये प्रायॉनवर काम करतो. प्रायॉन म्हणजे मेंदूतलं बिघडलेलं प्रथिन. त्याने होणारा एक रोग खास हरणांचा, दुसरा मेंढ्यांकडून हरणांना लागू शकणारा. दोन्हीत जनावर खंगतं, लाळ गाळतं, अडखळतं. नेमका कोणता, हे मेंदूचा काप तपासल्याशिवाय कळत नाही. गंमत म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या हरणांत यातला एकही सापडलेला नाही. एक नसलेला रोग दुसऱ्या नसलेल्या रोगापासून वेगळा ओळखायला हा गृहस्थ रोज इमानेइतबारे कामावर जातो.

"लक्षणांवरून निदान नाही!" हे त्याचं पालुपद. माझ्या बायकोच्या रश्श्याला कुणी कोल्हापुरी म्हणालं, तर हा लगेच, "रंगावरून काय सांगतोस? मसाला दाखव." ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या पॉटलकला त्याच्या शेजारची खुर्ची शेवटी भरते.

यंदा गणपतीत त्याच्याकडे जेवायला गेलो. त्याच्या बायकोचे, मेधाचे, उकडीचे मोदक आमच्या सगळ्यांत नावाजलेले. दारातच तिने विचारलं, "ट्रेनने आलास का रे?" थोड्या वेळाने पुन्हा तेच. मी त्यांच्या समोरच राहतो. मग मोदक खाल्ला. सारणात गूळच नव्हता.

मी शिरीषला मागच्या अंगणात गाठलं. "अरे, मेधाला डॉक्टरकडे ने."

"लक्षणांवरून निदान नाही, मेट."

"म्हणूनच टेस्ट कर म्हणतोय. विसरण्यामागे साधी व्हिटॅमिनची कमतरताही असेल. वेगळं करून बघायला तूच सांगतोस ना जगाला?"

मला त्याचा खरंच राग आला होता. कुंपणाशी एक हरीण त्याचा कढीपत्ता ओरबाडत होतं. त्याने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हरणाची टेस्ट ते मेल्यावर करतो रे आम्ही," तो हळूच म्हणाला. "रिझल्ट त्याला सांगावा लागत नाही."

माझा राग कुठच्या कुठे गेला.

तेवढ्यात मेधा ताट घेऊन बाहेर आली. "कसे झालेत मोदक?"

शिरीषने एक उचलला, अख्खा तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"गोड," तो म्हणाला, आणि दुसरा घेतला.