गुडघ्यापर्यंतचं नाटक

"माझ्यासारखं चालायचं नाही, बोलायचं नाही, खोकायचंही नाही," मुख्याध्यापकांनी बजावलं.

"आणि खरंच खोकला आला तर, सर?" भोंग्याने विचारलं.

"विंगेत जाऊन खोकायचं. माझी नक्कल दिसली की उद्याचा प्रयोग रद्द!"

भोंगा ही शाळेच्या शेवटच्या वर्षातली मुलगी. आवाजावरून नाव पडलेली. चार विनोदी प्रवेश आणि एक छोटं संगीत नाटक, सगळं वर्गाने स्वतः लिहून बसवलेलं. आज पालकांसमोर, उद्या शाळेसमोर. भोंग्याचा जीव उद्यात होता. ज्या पोरांसाठी लिहिलं, ती उद्या बघणार होती. एका प्रवेशात बांबू नावाचा लंबू मुख्याध्यापकांची चाल करायचा: चालता चालता टाचा उचलायच्या, थबकायचं, हनुवटी वर. नेमका तोच प्रवेश कापला गेला.

(पडदा वर जातो. म्हणजे, जातो तेवढा जातो.)

कप्पीत दोरी अडकली आणि पडदा गुडघ्यांवर थांबला. वर जाईना, खाली येईना.

"बंद करा," मुख्याध्यापक विंगेत कुजबुजले. "शोभा होतेय."

"पाय दिसतायत ना, सर? मग पाय तर पाय! चला रे, गा!"

आणि पाय गायला लागले. प्रधानाच्या एका पायात निळा मोजा, दुसऱ्यात भोक. राजा रागावला की अंगठा हलायचा. राणी मरायला आडवी झाली, तेव्हा त्या संध्याकाळचा पहिला चेहरा लोकांना दिसला. एवढ्या टाळ्या पडल्या, की ती उठून पुन्हा मेली. मग आणखी एकदा.

"हा अतिरेक आहे," म्हणत मुख्याध्यापक स्वतःच रंगमंचावर निघाले.

(भोंगा त्यांना अडवू शकली असती. अडवलं नाही.)

काळे बूट. करकर. टाचा वर. थबकले.

सभागृहात अर्धे पालक याच शाळेत, याच सरांच्या हाताखाली शिकलेले. एकच हशा पिकला.

"थांबवा हे!" बूट ओरडले.

"आवाजसुद्धा हुबेहूब!" कुणीतरी किंचाळलं.

"हसायला काय झालं?"

"वन्स मोअर!"

बूट पळाले. पळतानाही टाचा आधी.

प्रयोग संपल्यावर संस्थेच्या अध्यक्षबाई मुख्याध्यापकांच्या खोलीत आल्या. भोंगा तिथे उभीच होती. रद्द हा शब्द ऐकायला आणि त्यावर भांडायला.

"नकलेला बंदी होती ना, सर? कोण होता तो आगाऊ?"

मुख्याध्यापकांनी बूट खुर्चीखाली ओढले. भोंगा छताकडे बघत होती.

"आणि किती वाढवून दाखवायचं! तुम्ही कुठे असे चालता? टाचा काय, ते थबकणं काय. शहाणा माणूस चालेल का असा?"

"नाही... म्हणजे... इतकं वाईट होतं?"

"भयंकर! काढून टाका त्याला शाळेतून."

"काढा की," भोंगा म्हणाली. "मग शाळा कोण चालवणार?"

"काय म्हणाली ही?"

"प्रयोग!" मुख्याध्यापक घाईने म्हणाले. "प्रयोग कोण चालवणार, असं म्हणायचंय तिला. मी त्याला समज देईन. कडक समज."

"आणि उद्याचा प्रयोग, सर?" भोंग्याने विचारलं.

"होईल."

"कापलेल्या प्रवेशासकट?"

त्यांनी बाईंकडे पाहिलं, भोंग्याकडे पाहिलं. "सकट," ते म्हणाले.

बाई गेल्या. भोंगाही निघाली, तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांब. तुझ्या त्या बांबूची तालीम मी खिडकीतून पाहिली आहे. तो चुकतो. आधी थबकायचं, मग टाचा उचलायच्या. करायचीच तर नीट करा."

"नाही, सर. तुम्ही टाचा आधी उचलता."

"माझी चाल मला शिकवतेस?"

"हो."

मुख्याध्यापक उठले. दारापर्यंत चालत गेले, वळले, परत आले. खुर्चीशी थांबून त्यांनी बुटांकडे बराच वेळ पाहिलं.

"बरोबर करतो तो," ते म्हणाले.