सेतूराव पुसून येतात

आमचे घरमालक सेतूराव कपाळाला गोपीचंदन लावतात, कांद्याला शिवत नाहीत, आणि सामिष खानावळ दिसली की दारात उभं राहून विचारतात, "हलाल आहे का?"

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. एकदा घरी बिर्याणी मागवली, तर आणणाऱ्या माणसाला यांनी फाटकातच अडवलं. तो बिचारा घाबरून कुठेकुठे फोन लावत बसला. बिर्याणी गार झाली आणि मी तापले.

"अहो, मला काहीही चालतं!"

"तुम्हांस चालेल हो. पण पुसलें पाहिजे. पुसण्यास काय जातें?"

घराणं तंजावरचं. तिथल्या जुन्या मराठीत ते अजून विचारत नाहीत, पुसतात. नाशिकहून या तमिळ मुलखात आलेल्या मला आधी वाटलं, म्हातारा जरा सटकलेला आहे. मग इब्राहिमसाहेब भेटले आणि उलगडा झाला.

हे दोघं मैलापुरातल्या एकाच कचेरीत जन्मभर कारकून. दौऱ्यावर गेले की इब्राहिमसाहेबांसाठी खानावळ पारखायची जबाबदारी सेतूरावांची. "मी विचारलं तर मालकाच्या इमानावर शंका घेतल्यासारखं होतं," इब्राहिमसाहेब मला म्हणाले. "सेतूने विचारलं तर लोक म्हणतात, बिचाऱ्याला काय कळतंय."

गेल्या वर्षी इब्राहिमसाहेबांची बायको गेली. तेव्हापासून गडी पाव-केळ्यांवर आला. अंगातला सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसायला लागला. सेतूराव रोज दहीभात पोचवायचे, पण मटणावर वाढलेला माणूस दहीभातावर किती तगणार? अशात कोपऱ्यावर सादिकभाईंनी रस्साभाताची खानावळ काढली. वास गल्लीभर. पण हलालची पाटी नाही, आणि सकाळी दारात बर्फाच्या पेट्यांची गाडी. इब्राहिमसाहेबांना शंका आली, मांस बाहेरून कुठून तरी येत असणार. झालं, अडून बसले.

"चला," सेतूराव मला म्हणाले. "पुसून येऊं."

"हलाल आहे का?" ऐकून सादिकभाईंनी सेतूरावांच्या कपाळाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला. हल्ली असं विचारणारे जेवायला येतातच असं नाही. "तुम्हाला कशाला हवंय?" ते तमिळमध्ये म्हणाले. आवाजात धार होती.

इब्राहिमसाहेबांनी आपलं नाव सांगायचं नाही म्हणून बजावलं होतं. सेतूराव बाकावर जाऊन बसले. "मला जेवायचंय. मला हलालच लागतं."

सादिकभाईंनी शांतपणे केळीचं पान मांडलं, भात वाढला आणि वर कोंबडीचा रस्सा ओतला. "जेवा."

सेतूराव पानाकडे बघत बसले. घाम गोपीचंदनावरून नाकावर आला. मग, देवाशप्पथ सांगते, त्यांनी हात पुढे केला.

सादिकभाईंनी तो मनगटाशी धरला. "राहू द्या, सामी. कोणासाठी विचारताय?"

समोरच्या औषधाच्या दुकानापाशी इब्राहिमसाहेब उलटा पेपर धरून उभे होते. सादिकभाईंचं लक्ष तिकडे गेलं आणि ते हसायलाच लागले. "अहो, पेट्यांतून मासे येतात! कोंबड्या माझा मेहुणा रोज बिस्मिल्ला म्हणून कापतो." एवढं बोलून ते स्वतः रस्ता ओलांडून गेले आणि त्यांना हाताला धरून घेऊन आले.

इब्राहिमसाहेबांनी तीनदा भात मागून घेतला. सेतूराव नाकाला रुमाल लावून समोर बसले होते. इतका सुटल्यासारखा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. मलाही हायसं वाटलं.

त्याच आठवड्यात सादिकभाईंनी दारावर भली मोठी हलालची पाटी लावली. सकाळी मी कौतुकाने सांगितलं, तर सेतूरावांचं तोंडच पडलं की हो. "बरें झालें," म्हणाले आणि पायरीवर जाऊन बसले. मुलगा परदेशात, घरात बोलायला कोणी नाही. "आतां मजकडे काय काम त्याचें?"

दुपारी एकच्या सुमाराला फाटक वाजलं. इब्राहिमसाहेब होते.

"सेतू, चल. आज मासा कुठला आहे ते विचारून दे."

मासा कुठला ते विचारण्यात कोणाच्या इमानाला धक्का लागतो, हे मी विचारलं नाही. सेतूराव उठले. चपला त्यांनी सकाळपासून घातलेल्याच होत्या.