सुर्व्यांची समुद्रापारची चूल

सकाळी सात वाजता मी ऑफिसला जायला लिफ्टमध्ये शिरायचो आणि आत दार धरून उभे असलेले सुर्वे मला विचारायचे, "काय, जेवलात का?" त्यांच्या मनगटावरच्या घड्याळात तेव्हा दुपारचे बारा वाजलेले असत. शारजातल्या अल मजाजमधल्या आमच्या टॉवरमध्ये लोकांची घड्याळं इथल्या वेळेवर चालतात, फार तर फोन करायचा म्हणून कुणी भारतातली वेळ बघतो. सुर्व्यांचं घड्याळ इंडोनेशियाच्या पार पूर्वेकडच्या एका बेटावर लावलेलं होतं. "आमच्या गावात आत्ता ओहोटी," असं सांगून ते अठराव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत मला ओहोटीत काय काय सापडतं ते ऐकवत.

'आमचं गाव' म्हणजे रत्नागिरीकडचं काहीतरी, असं मी पहिले सहा महिने समजत होतो. नंतर कळलं, सुर्वे मूळचे गिरगावातले. एका जहाज कंपनीच्या ऑफिसात कागदपत्रं बघायचे. वय साठीला टेकलेलं, लग्न केलेलं नाही, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे. बारा वर्षांपूर्वी जहाजाच्या कसल्याशा तपासणीला गेले असताना त्यांची बोट बंद पडली आणि त्या बेटावर नऊ दिवस अडकून पडले. परत आले ते तिथलेच होऊन.

आमच्याकडे मराठी माणसं जमली की तिसऱ्या वाक्याला पुण्यातल्या फ्लॅटचा विषय निघतो. कुणाचा वाकडला, कुणाचा बाणेरला. सगळ्यांचे बंद. एकदा गणपतीच्या आरतीनंतर कुणीतरी थट्टेने विचारलं, "सुर्वेसाहेब, तुमच्या प्रॉपर्टीचा कार्पेट एरिया किती?" सुर्वे शांतपणे म्हणाले, "पाऊस नसेल तेव्हा अख्खं बेट." लोक हसले. सुर्वेही हसले, पण त्यांना त्यात विनोद दिसला नसावा.

त्यांचं घर म्हणजे खांबांवर उभं केलेलं, बांबूच्या भिंतींचं, झावळ्यांनी शाकारलेलं एक खोपट. जमीन गावाची, ती कुणालाच विकत मिळत नाही. घर मात्र कुणालाही बांधून देतात, एकाच अटीवर. वर्षातून एकदा, मोसमी वारा फिरायच्या आत, घरच्या माणसाने येऊन स्वतःच्या चुलीवर रांधायचं आणि गावाला जेवू घालायचं. एक वर्ष चूल पेटली नाही की घर उतरवतात आणि बांबू वाटून घेतात. त्यात राग वगैरे काही नसतो.

म्हणून सुर्वे दरवर्षी चार किलो बेसन घेऊन निघायचे. दोन विमानं, एक रात्र फेरीबोटीत, मग चार तास होडी. तिथे जाऊन पिठलं-भात. "लोक अक्षरशः वाट बघतात हो," ते सांगत. विमानतळावर ती पिवळी पूड बघून कस्टमवाले दरवर्षी त्यांना बाजूला घेत आणि सुर्वे दरवर्षी त्यांना पिठल्याची कृती सांगत. शेवटी कंटाळून ते यांना सोडून देत.

सुर्वे बोलायला लागले की वेळ कुठे जायचा कळत नसे, हेही मान्य केलं पाहिजे. संध्याकाळी खालिद लगूनच्या काठाने चालताना ते समोरच्या दिव्यांकडे बघत आणि त्यांना ते दिसतच नसत. तिथे म्हणे समुद्र इतका निवांत असतो, की होडी पाण्यावर आहे की हवेत ते कळत नाही. आपण वल्हवायचं थांबलो तरी बेट आपणहून जवळ येत राहतं. हे ऐकताना माझेही पाय मंदावायचे. मग फोन वाजायचा आणि मी सुटायचो. खरं सांगायचं तर आम्ही त्यांना टाळत होतो. लिफ्टचा दरवाजा उघडताना समोरून सुर्व्यांच्या कुलपाचा आवाज आला, की मी आणि माझी बायको वैशाली जिन्याच्या दाराआड थांबायचो. त्याची आज लाज वाटते.

यंदा सुर्व्यांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने प्रवास खलास. दुसऱ्याच आठवड्यात ते बेसनाची पिशवी घेऊन आमच्या दारात उभे राहिले. "तुम्ही जाल का?" म्हणाले.

मी कारणं शोधत होतो. रजा, माझ्या मुलीची, मीराची, परीक्षा, मला साधा चहा करता येत नाही. सुर्व्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तीस वर्षं इथे आहे," ते म्हणाले. "दर दोन वर्षांनी पासपोर्टवर शिक्का. पुढच्या मार्चमध्ये मी रिटायर होतो, की व्हिसा कॅन्सल. गिरगावची खोली भावांच्या नावावर झाली. बेटावर मला कुणी शिक्का विचारत नाही हो. फक्त चूल पेटली पाहिजे."

"पण घरचाच माणूस लागतो ना? मी कसा चालेन?"

"चालाल," ते पायाकडे बघत म्हणाले. "इन्शाल्ला."

आमची मीरा कधी नव्हे ती खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, जस्ट गो." वैशालीने माझी बॅग काढली.

चौथ्या दिवशी दुपारी मी होडीतून उतरलो. पाणी सुर्व्यांनी सांगितलं होतं तसंच होतं, आणि इतकी वर्षं मला ती थाप वाटली होती याचं वाईट वाटलं. धक्क्यावर गावप्रमुख, शाळेतले मास्तर आणि पंधरा-वीस माणसं उभी होती. गावप्रमुखांनी काही विचारलं. मास्तरांनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "प्रमुख विचारतात, तुम्ही त्यांचे कोण?"

शेजारी, असं म्हटलं असतं तर घर गेलं असतं. खोटं बोलायची हिंमत होईना. तेवढ्यात मागून एक म्हातारी पुढे आली, इबू रोसा. इबू म्हणजे आई, गावात सगळे तिला तसंच म्हणतात. सुर्व्यांच्या घराची किल्ली तिच्याकडे असते. तिने माझा चेहरा नीट न्याहाळला आणि भराभर काहीतरी बोलली. मास्तर हसले.

"ती म्हणते, हा धाकटा भाऊ. मीराचा बाप. विचारते आहे, मीरा अजून अंधाराला घाबरते का? आणि तुमच्या बायकोची कंबर बरी आहे का?"

मीराची ती भीती जाऊन आठ वर्षं झाली. कधीतरी लिफ्टमध्ये, मोबाइलवरून नजर न काढता, मी सुर्व्यांना तसं बोललो असेन. घर उघडलं तर भिंतीवर आमचा फोटो होता. आमच्या मजल्यावरच्या एका दिवाळीतला, आम्ही तिघं, आणि कडेला अर्धे कापले गेलेले सुर्वे.

नेटवर्क फक्त धक्क्याच्या टोकाला होतं. पिठल्याचं प्रमाण विचारायला मी तिथून फोन लावला. सुर्व्यांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"विचारलं का त्यांनी, तुम्ही माझे कोण?"

"विचारलं. पण मला सांगावंच लागलं नाही. तुम्ही आधीच सांगून ठेवलंय की."

पलीकडून ते अडखळत म्हणाले, "राग नका मानू. पहिल्या वर्षी त्यांनी विचारलं, घरी कोण कोण आहे. समोरच्या दाराशिवाय काही आठवलं नाही मला."

"राग कसला, दादा," मी म्हणालो. "आता जाऊन चूल पेटवतो. पाणी किती घालू ते सांगा."

फोनवर त्यांनी नाक ओढलं.

"पाणी दुप्पट," सुर्वे म्हणाले. "आणि मीठ बेताने घाल रे."